सीट कोणाच्या नावानं

— न्हाई, न्हाई, तो कागद आधी आत ठेवा. बॅगेत ठेवा म्हणलं ना. मी चष्मा लावला न्हाई अन् लावणार बी न्हाई, कारण त्याच्यात काय लिवलंय ते मला तोंडपाठ हाय — गेल्या साली अठरा हजार, औंदा चौपन्न. बराबर? मग काहून दाखवून राहिले? बसा. उभ्यानं काय बोलता. त्या स्टुलावर बसा, खुर्चीवर नका बसू, तिचं एक चाक निघालंय, परवा एक जण आडवा झाला. चहा सांगितलाय समोर. भांडायला आलेल्या माणसाला बी चहा पाजायचा, आमच्याकडं तशी रीत हाय, तुमच्या कंपनीत असो नसो. नाव काय म्हणलं तुमचं? सोमेश्वर. तर सोमेश्वर साहेब, तुमी पुण्याहून हिंगोलीला आले ते काय मला सलाम करायला आले? वसुलीलाच आले ना? मग सरळ बोला — का बोलू नका, मीच बोलतो, सात वर्सं झाले तुमची कंपनी बोलून राहिली अन् मी ऐकून राहिलो. मुजाहिद? व्हय, मुजाहिद कंप्युटर्स म्हणजे हेच, बोर्ड वाचला ना तुमी. मुजाहिद माझा पोरगा. आत्ताच बाहेर गेला, स्टँडकडं, येईलच दहा-पंधरा मिनिटांत. तोवर माझ्याशी बोला. मी चाँद पाशा, दुकानाचा मालक मीच.

तुमाला काय वाटलं, हितं आमी तुमचं सॉफ्टवेअर घेऊन पिक्चर बघतो? सव्वीस वजनकाटे हायेत माझ्याकडं. सव्वीस! जिनिंगवरचे, आडतीवरचे, एक तिकडं सिद्धेश्वरला मासळीवाल्या सोसायटीचा. ट्रॅक्टर भरून कापूस येतो, सोयाबीन येतं, काट्यावर चढतं, आत कंप्युटर वजन पकडतो, पावती निघती, ती पावती म्हणजे शेतकऱ्याचं सगळं साल हाय, साहेब. अन् काट्याच्या मागच्या खोलीत तो सर्वर. नाव मोठं, पण बघाल तर एक डबा, टेबलाखाली ठेवलेला, वर बोटभर कापसाची धूळ अन् बाजूला चपला. तो डबा रुसला की काटा बंद, काटा बंद की गेटावर ट्रॅक्टरची रांग, अन् रांग लागली की फोन कोणाला? चाँद पाशाला. मग मी मोटरसायकल काढायची, औंढा ओलांडायचं, जवळा बाजार गाठायचं, तास-सव्वा तास. अन् तिथं जाऊन करायचं काय? एक बटण दाबायचं. बंद करायचं, चालू करायचं. पन्नास पावलं रांगेतनं चालत जायचं, शिव्या खायच्या, बटण दाबायचं अन् वापस. तुमचं सॉफ्टवेअर आलं अन् हितं या टेबलावर बसून तिथलं बटण दाबता यायला लागलं, ते मी नाकबूल करत न्हाई. पहिल्यांदा जवळा बाजारचा माऊस हिंगोलीतून हलला ना, तवा तिथला काटावाला शेषराव खुर्ची सोडून उभा राहिला, मला फोनवर म्हणतो, चाँदभाई, पडद्यावर कोणी तरी फिरून राहिलं हो, मी हात बी लावला न्हाई! चांगली चीज होती. चांगली चीज होती म्हणूनच तर राग येतो. वाईट असती तर फेकून दिली असती.

अन् पहिल्यांदा काय म्हणले होते तुमी? एकदा पैसे भरा, लाइफटाइम. मी भरले. लाइफटाइम म्हणजे कोणाचं लाइफटाइम? माझं? मी तर बसलोय तुमच्यासमोर. मशिनीचं? मशिनी चालू हायेत. मग मेलं कोण? स्कीम मेली! दोन वर्सांनी चिठ्ठी आली, लाइफटाइम बंद, आता सालाना. बरं, सालाना. मग चिठ्ठी आली, सालाना बी बंद, आता दर मशिनीला वेगळे. मग आता ही नवी — दर मशिनीला बी अन् दर माणसाला बी, ज्याच्या नावाची सीट त्यानंच बसायचं. सीट! एसटी हाय का ही? अन् मशिनी किती लावल्या मला? एक्केचाळीस. अहो सव्वीस काटे हायेत, एक्केचाळीस कुठून आल्या? तर वीज पडून जी जळाली ती बी मोजली, उंदरानं वायर खाल्ली म्हणून बदलली ती बी मोजली, जी पुसेगावच्या काटेवाल्या अमरसिंगनं भंगारात घातली अन् त्या पैशाची पोरांसाठी जिलेबी आणली ती बी मोजली. मेलेल्या माणसाच्या नावानं राशन उचलणारे आमी पायलेत, पण मेलेल्या मशिनीचं भाडं घेणारी तुमची कंपनी पहिली. काय? यादीतून काढायच्या असतात? ज्याच्या त्यानं? ते मला काय ठाऊक. ते काढणारच होती ती — होता. काढणारच होता मुजाहिद. सीझन चालू झाला अन् राहून गेलं.

घ्या, चहा आला. घ्या. बशी हाय खाली, सांडला तरी चालंल.

काय इचारलं? मुजाहिद कधी येईल? सांगितलं ना, येईल. काम काय हाय त्याच्याशी, मालक मी हाय, चेक माझा जातो, सही माझी चालती. न्हाई, त्याचा फोन लागणार न्हाई आता, गाडी चालवत असंल. — काय, काय म्हणले? पुन्हा म्हणा. सीट एकाच्या नावाची अन् वापरतो दुसराच, असं तुमच्या कंपनीला 'दिसून' राहिलं? काय दिसून राहिलं? पुसेगाव? हां, सीट पुसेगावहून उघडती. अन् त्या सहा आकड्यांचा कोड जातो पुण्याच्या फोनवर. अन् म्हणून मी चोर! म्हणा ना, तोंडानं म्हणा, लाजता काहून? चाळीस वर्सं झाले मला या धंद्यात. रेडिओ केले, टेपरेकॉर्डर केले, टीव्ही केले, तहसीलातल्या टाइपरायटरच्या पट्ट्या बदलल्या, कोणाच्या रेडिओतला बरा पार्ट काढून खराब घातला असं एक माणूस दाखवा हिंगोलीत — एक! अन् तुमी पुण्याच्या एसीत बसून मला चोर म्हणता? अरे चोर असतो तर तुमचं ते फुकटात मिळणारं मोडकं-तोडकं घेतलं असतं, लोकं वापरतेत, जिल्हा भरलाय त्यांनी. मी पावती घेऊन वापरतो. पावती! माझ्या घरचंच माणूस वापरून राहिलं ना, बाहेरचं तर कोणी न्हाई? मग चोरी कोणाच्या घरची झाली?

पुण्याला मुजाहिद हाय. झालं? खुश? सहा वर्सं झाले पुण्याला हाय. स्टँडवर न्हाई, चहाला न्हाई, पुण्याला हाय, तिथं एका मोठ्या कंपनीत शेकड्यानं सर्वर सांभाळतो, आमचा डबा त्याला आता मच्छरासारखा वाटतो. नवीन सॉफ्टवेअर घेतलं तवा तो हितं होता, म्हणून सीट त्याच्या नावानं. बोर्ड बी त्याच्या नावानं, तो जन्मला त्या साली रंगवला. पोराच्या नावानंच दुकान असतं, साहेब, तुमच्याकडं काय पोरीच्या नावानं असतेत? एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतेत ना, तसा माझा पोरगा झाला — रुमाल हितं, माणूस पुण्यात. पण सीट रिकामी न्हाई ठेवली आमी. रोज सकाळी नवाच्या ठोक्याला तो पुण्याहून कोड पाठवतो, सहा आकडे, अन् ती बसती कामाला. सहा वर्सांत त्यानं एक काटा बी उघडून बघितला न्हाई. सगळं तिनं केलं.

ती म्हणजे कोण — उझ्मा. माझी पोरगी. बी.सी.ए. झालीय, हितंच, हिंगोलीत. मुजाहिद गेला तवा मी म्हणलं आता दुकान बंद करावं, मला पंखा, वायर, पॉवर सप्लाय, बॅटरी, हे सगळं समजतं, मशीन उघडून द्या, नाकानं वासावरून सांगतो काय जळालंय. पण ती पडद्यावरची इंग्रजी मला येत न्हाई, मी उर्दूत सातवीपर्यंत शिकलो अन् मराठी गिऱ्हाइकाकडून शिकलो. ती म्हणली, अब्बा, मी करते. मी म्हणलं कर, पण घरात बसून कर, अन् नाव मुजाहिदचंच राहू दे, काट्यावरचे लोक पोरीवर भरवसा ठेवायचे न्हाईत. मीच म्हणलं, व्हय. मग पडद्यावर बारीक खिडकी असती ना बोलायची, लिवून बोलायची, तिथं शेषराव तिकडून लिवणार, 'मुजाहिदभाई, वजन येत न्हाई,' अन् इकडून ही लिवणार, 'थांबा, बघून राहिलो.' राहिलो! पोरीनं राहिलो लिवायचं. 'आलो', 'केलं', 'पाठवून राहिलो'. मीच शिकवलं तिला तसं, समोर बसवून. लगीन झालं, पुसेगावला गेली, लॅपटॉप संग घेऊन गेली, तिथूनच सगळं. वर्सानुवर्सं एक बी चूक न्हाई. अन् एक दिवस लेकरू मांडीवर, माझी नात आफिफा, ताप आलेला तिला, एका हातानं पट्टी अन् एका हातानं काटा, घाईत लिवून गेली, 'बघून राहिले.' शेषरावचा लगेच मला फोन — चाँदभाई, मुजाहिदभाई आताशा लई मोठा माणूस झाला का, स्वतःच स्वतःला अहो-जाहो करून राहिला! राहिले म्हणतो, राहिले! मी हसलो. म्हणलं, मोठ्या लोकांत ऊठबस हाय त्याची. हसलो खरा, पण हातातला फोन घामानं वला झाला.

तुमी हसू नका. हसायचं न्हाई त्याच्यात काही.

तर तुमचा तो कोड. ही नवी शक्कल बी तुमचीच ना, गेल्या साली काढलेली, की रोज ज्याच्या नावाची सीट त्याच्या फोनवर कोड, अन् तो टाकला तर दार उघडणार? माझ्या भल्यासाठी म्हणे, चोरापासून बचाव. बचाव! गेल्या महिन्यातला जवळा बाजारचा बाजार. कापसाचा जोर, सोयाबीन बी थोडंफार येऊन राहिलेलं, गेटाबाहेर चाळीस ट्रॅक्टर, एक बी खोटं सांगत न्हाई, चाळीस, अन् सकाळी दहाला काटा अडकला. शेषरावचा फोन, मी म्हणलं दोन मिनिटं थांब, मुजाहिद बघून राहिला. अन् उझ्माचा मला फोन, अब्बा, कोड आला न्हाई. का न्हाई आला? मुजाहिदची मीटिंग. फोन बाहेर कपाटात ठेवून आत जायचं असतं म्हणे. अकरा वेळा लावला तिनं. अकरा. मी बी लावला. तिकडं ट्रॅक्टरवाले आडत्याच्या अंगावर जाऊन राहिले, आडत्या म्हणला अंदाजानं वजन लिवतो, मग तर आग लागली — अंदाजानं? अंदाजानं कापूस पिकवला का आमी? शेषरावची कॉलर धरली कोणी. तो मला रडून सांगून राहिला, चाँदभाई, मुजाहिदभाईला पाठवा हो. अन् मी काय म्हणलो? मी म्हणलो, निघालाय, औंढ्यापर्यंत पोचला असंल. पुण्यात बसलेल्या माणसाला मी औंढ्यात आणला.

मी का न्हाई गेलो? गेलो असतो. जाऊन काय केलं असतं? बटण दाबून पायलं असतं. बटणाचं काम नव्हतं ते, ते मला नंतर समजलं, आतली जागा भरली होती, चार वर्सांच्या पावत्या तुंबल्या होत्या. मी तिथं जाऊन उभा राहिलो असतो अन् चाळीस ट्रॅक्टरांसमोर लोकांना समजलं असतं की चाँद पाशाला काही येत न्हाई. म्हणून न्हाई गेलो. घ्या. हे बी सांगून टाकलं तुमाला.

ती गेली. मला इचारलं न्हाई, सांगितलं न्हाई. नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसली, राहिल नाव जावयाचं, गरीब माणूस हाय, अन् पुसेगावहून थेट जवळा बाजार. सासू रागावली असंल असं वाटून राहिलं ना तुमाला? मला बी तसंच वाटलं. सासूनंच धाडली! कमरजहाँ नाव तिचं, ती म्हणली, लोकं उन्हात उभे हायेत, जा, आफिफाला मी बघते. तर ही रांगेतनं चालत गेली, आत गेली, शेषराव म्हणला, बाई, भाई कुठं हाय? ही म्हणली, भाईच आलाय, सरका. अन् त्याच्या खुर्चीवर बसली, मशिनीसमोर बसलं की कोड लागतच न्हाई. दहा मिनिटं, साहेब. दहा मिनिटांत वजन पडद्यावर. पहिला ट्रॅक्टर चढला तवा लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. टाळ्या! मी चाळीस वर्सं हात काळे केले, माझ्यासाठी कोणी ताली वाजवली न्हाई.

अन् संध्याकाळपर्यंत मला सतरा फोन. चाँदभाई, इतके साल आमचा काटा पोरगी सांभाळून राहिली होती व्हय? चाँदभाई, मग मुजाहिद कोण? अमरसिंग तर पुसेगावचाच, तांड्यावरचा, तो म्हणला, माझ्या काट्यापासून तिचं घर हाकेवर, अन् मी दर बिघाडाला हिंगोलीला फोन करून राहिलो, काय येडा बनवलं हो तुमी मला! हसून म्हणला. सगळे हसूनच म्हणले. कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. मला कसं झालं, भर बाजारात कोणी धोतर फेडल्यावाणी. मी तिला फोन लावला. शाबास म्हणायला? न्हाई. मी म्हणलं, कोणाला इचारून गेलीस? चार लोकांत दुकानाचं नाव घालवलंस. असं म्हणलं. चाळीस ट्रॅक्टर मोकळे करून आलेल्या पोरीला, अजून तिच्या अंगावरची धूळ बी झटकली नसंल. ती म्हणली, अब्बा, कोणतं नाव? अन् फोन ठेवला. एकोणीस दिवस झाले. उचलत न्हाई माझा फोन. मोजून राहिलो मी, व्हय, मोजून राहिलो, त्याच्यात लाज कशाची. मुजाहिदला म्हणलं तू समजाव, तर तो शहाणा म्हणतो, अब्बा, चूक तुमची हाय, तुमीच जा पुसेगावला. बापाची चूक काढून राहिला, तीन-तीन तास फोन कपाटात ठेवणारा! मी जाणार? बाप जाईल पोरीच्या दारात माफी मागायला? — न्हाई, माफीसाठी न्हाई, असंच, आफिफाला बघायला गेलो असतो, पण सीझन हाय, दुकान सोडून कसं जाणार.

दुकान काय, बरं चालून राहिलं. अल्लाची मेहेरबानी. एकोणीस दिवसांत एक बी बिघाड न्हाई. खरं सांगतो. सव्वीस काट्यांपैकी एकाचा बी फोन आला न्हाई, ऐन सीझनात! अशी कधी शांतता नव्हती. मशिनी बी समजून घेऊन राहिल्या माणसाला, अन् तुमची कंपनी न्हाई घेत. तर आता तुमी सांगा, मी हे चौपन्न हजार काहून भरू? कोणासाठी भरू? मुजाहिदच्या रुमालासाठी? एक्केचाळीस मशिनींसाठी ज्यातल्या पंधरा भंगारात हायेत? म्हणा तुमच्या साहेबांना, चाँद पाशा एक रुपया देत न्हाई. केस करा म्हणा. हिंगोलीच्या कोर्टात या म्हणा तारखेला, मी बी येतो, चहा मीच पाजतो —

पुन्हा तोच कागद! साहेब, तुमाला कानानं कमी ऐकू येतं का? बिल मी — काय? बिल न्हाई? बिल न्हाई तर मग काय हाय हे? इतका वेळ काहून न्हाई सांगितलं? मी बोलू दिलं न्हाई, बरं, मी बोलू दिलं न्हाई, आता बोला. न्हाई, मला नका देऊ, इंग्रजी हाय ना ते, तुमीच वाचा. मराठीत करून वाचा. हळू.

हं.

हं, मशिनी. सव्वीस. बराबर सव्वीसच लिवल्यात? एक्केचाळीस न्हाई? बाकीच्या पंधरा तिनं काढायला लावल्या. कोणी? तिनं म्हणजे कोणी? नाव वाचा. पूर्ण वाचा. — उझ्मा राहिल, मुक्काम पुसेगाव. नवऱ्याचं नाव लावलं. लावणारच, लगीन झालेली पोरगी हाय. पुढं. नवीन खातं. कधी काढलं? पंधरा दिवस झाले. म्हणजे फोन ठेवल्यावर चार दिवसांनी. तुमी आज पुसेगावहूनच आले का? कमरजहाँनं जेवू घातलं? सकाळपासून तुमाला ठाऊक होतं मुजाहिद कोण अन् कुठं, अन् तुमी मला स्टँडवरून मुजाहिद येतो म्हणू दिलं? बसले ऐकत! अन् पैसे? पैसे किती लागले तिला? नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या साली निम्मा भाव — वा! वा रे कंपनी! जुन्याला तिप्पट अन् नव्याला निम्मं, म्हणजे जो टिकला तो येडा! अन् तेवढे तरी कुठून आणले तिनं, जावई काय — काटेवाल्यांनी? आपापल्या मशिनीचे आपापले? ते बी पुढच्या सालापासून भाव वाढला तर आपसांत वाटून घेणार, असं लिवून दिलं? कोणी कोणी लिवून दिलं, वाचा ती नावं. शेषरावचं पहिलं. बरं. अमरसिंग, तो असणारच. सिद्धेश्वरवाले बी? ते तर माझ्याकडं तेवीस वर्सांपासून हायेत, टेपरेकॉर्डर माझ्याकडून — ते बी. सव्वीसच्या सव्वीस. म्हणून फोन न्हाई. म्हणून एकोणीस दिवस फोन न्हाई आला. मशिनी बिघडून राहिल्या होत्या, साहेब. बिघडून बी राहिल्या होत्या अन् नीट बी होऊन राहिल्या होत्या.

मग झालं ना सगळं. मशिनी गेल्या, गिऱ्हाईक गेलं, मग माझ्याकडं काहून आले? मेलेल्याचं तोंड बघायला? सही? माझी सही कशाला पाहिजे? माझ्या खात्यातून तिच्या खात्यात जायच्या म्हणून. अन् न्हाई केली तर? खरं सांगा. न्हाई केली तर अडतं का तिचं? न्हाई अडत. ती दुसऱ्या बाजूनं नव्यानं टाकून घेऊ शकती, एका दिवसाचं काम. हो, शकती, मला ठाऊक हाय शकती, मी ओळखतो तिला. मग? — तिनंच सांगितलं. काय सांगितलं? जसं म्हणली तसं सांगा, तुमच्या पदरचं घालू नका. 'अब्बांची सही आणा. सही आल्याबिगर मी एका बी मशिनीला माझ्या नावावर घेणार न्हाई.' अन् मग हे पंधरा दिवस? कोणत्या नावानं चालवून राहिली? अजून मुजाहिदच्याच सीटवर. अजून कोड मागून. नव्या खात्याचे पैसे भरून बसली अन् जुन्याच रुमालावर काम करून राहिली.

फोन उचलत न्हाई बापाचा. अन् सही मागती. जिद्दी हाय. कोणावर गेली, देव जाणे. तिला सांगा, सही पाहिजे तर स्वतः ये हितं, बापासमोर उभी राहा, मग बघू. असंच सांगा. म्हणा चाँद पाशा काही — उद्या वार कोणता? उद्या जवळा बाजारचा बाजार. अन् मुजाहिदची मीटिंग असली तर? कोड न्हाई आला तर? चाळीस ट्रॅक्टर उभे राहणार अन् शेषरावची कॉलर धरणार कोणी तरी. आणा. आणा तो कागद हिकडं. पेन तुमचं नको, माझं हाय. कुठं करू? हितं? मी उर्दूत करतो सही, चालंल ना? बँकेत चालती, तुमाला न्हाई चालायला काय झालं. कागद जरा धरून ठेवा. घ्या. झाली. दुसऱ्या पानावर बी? घ्या, तिथं बी. शाई वाळू द्या, घडी लगेच घालू नका.

निरोप? न्हाई, काही निरोप न्हाई. काय निरोप देणार. — थांबा. तिला सांगा, जवळा बाजारच्या डब्यातला मागचा पंखा उलटा बसलाय, धूळ बाहेर फेकायच्या बदली आत ओढतो. मीच बसवला होता घाईत, फिरवायचा राहून गेला. चार स्क्रू हायेत, तिसरा झिजलाय, त्याला जोर लावू नको म्हणा. ते वरून पडद्यावर दिसत न्हाई, हातानंच करावं लागतं. एवढंच सांगा. काय बघून राहिले माझ्याकडं? निघा आता. साडेपाचची परभणी हाय, ती गेली की मग उभे राहाल स्टँडवर. निघा म्हणलं ना.